एक इंची म्हणजे नक्की किती?

"एक इंची पाइप द्या." आमच्या दुकानात हे वाक्य दिवसातून निदान दहा वेळा ऐकू येतं. आणि दहाही वेळा आम्ही उलट विचारतो, "कोणता एक इंची?" गिऱ्हाईक गोंधळतं. काहींना वाटतं, शेठ जास्तीचा माल गळ्यात मारायला बघतोय. म्हणून हा लेख. एकट्याने लिहिलेला नाही. जव्हारच्या या छोट्या हार्डवेअरच्या दुकानावर आमचं अख्खं घर चालतं, आणि रात्री दस्तरखान उचलल्यावर अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि हिशोबाची वही सांभाळणाऱ्या भाभी असे सगळे बसून बोललो, ते इथे उतरवलं आहे.

आजोबांच्या काळी दुकानात खिळे, पत्रे, कुदळी, विळे आणि दोरखंड असायचे. आज निम्मं दुकान पाइपांनी भरलेलं आहे. काळा, पांढरा, राखाडी, हिरवा, पिवळसर. या प्रत्येकाला लोक "एक इंची" म्हणतात, आणि फूटपट्टी लावली तर एकही धड एक इंच भरत नाही. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. लोखंडी जीआय पाइपाचं बाहेरचं माप भरतं ३३.७ मिलिमीटर. घरात गरम पाण्यासाठी घालतात तो पिवळसर सीपीव्हीसी २८.६. शेतीचा पीव्हीसी आणि काळा एचडीपीई ३२, आणि तेही बाहेरून. आतून तो काळा पाइप जाडीप्रमाणे २६-२७ भरतो. रबरी किंवा प्लॅस्टिकच्या नळीचं माप मात्र आतून घेतात, म्हणजे एक इंची नळी आतून २५. सगळ्यांचं नाव एक, माप वेगवेगळं.

याचं कारण जुनं आहे. लोखंडी पाइप पहिल्यांदा निघाले तेव्हा भिंत जाड होती आणि नाव आतल्या भोकावरून पडलं. पुढे पोलाद सुधारलं, भिंत पातळ झाली, भोक मोठं झालं. पण बाहेरचं माप बदललं असतं तर त्यावर बसणारे सगळे आटे, सॉकेट, एल्बो भंगारात गेले असते. म्हणून बाहेरचं माप तेच ठेवलं आणि नावही तेच राहिलं. पाइपाच्या आट्यांचं ब्रिटिश माप आजही आपल्या नळांना, वॉलना चालतं. त्यामुळे लोखंडी सॉकेटमध्ये प्लॅस्टिकचा आट्यांचा तुकडा नीट बसतो, पण सीपीव्हीसीचा एल्बो पीव्हीसीच्या पाइपावर काही केल्या बसत नाही. सोल्युशन लावून, दाबून, ठोकून बसवणारे आहेत. तो जोड महिनाभर टिकतो आणि पाहुणे आले की सुटतो.

अम्मींचं म्हणणं, हे सगळं पुरुषांचं काम म्हणून सोडून देऊ नका, कारण स्वयंपाकघरात आणि मोरीत हीच भानगड आहे. वॉशिंग मशिनच्या नळीचा आटा पाऊण इंची असतो आणि घरातला नळ बहुधा अर्धा इंची. मधला तुकडा न आणता सुतळी गुंडाळून काम भागवलं की मशिन कपडे धुतं आणि नळ जमीन धुतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची पांढरी नळी पाव इंची, पण ती मात्र बाहेरून मोजतात. नळी आणि तिचं निपल एकाच वेळी, एकमेकांवर बसवून बघून घेतलेलं बरं.

आता आमच्या भागाबद्दल. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, मोखाडा त्याच डोंगरावर पुढे. पावसाळ्यात इथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि उतारावरून खाली निघून जातो. मार्च उजाडला की विहिरींचा तळ दिसतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर फिरतात. त्याच मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंच, २०१४ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. तिथून मुंबईला रोज ४५ कोटी लिटरहून अधिक पाणी जातं. ज्या नळांतून ते मुंबईत पोचतं, त्यांतल्या मोठ्या नळांत माणूस ताठ उभा राहून चालू शकेल. मुंबईला पाणी नको असं आम्ही म्हणणार नाही, आमचेच निम्मे नातेवाईक तिथे ते पाणी पितात. पण धरणाच्या वरच्या अंगाला राहणारी बाई दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढते, तेव्हा तिच्यासाठी अख्खा प्रश्न एका सव्वा इंची पाइपाचा असतो. तो पाइप बरोबर निवडला गेला नाही तर तिचा उन्हाळा पुन्हा डोक्यावरूनच जातो. म्हणून आमच्या दुकानात पाइप विकणं हे खिळे विकण्यासारखं नाही.

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, मोखाड्याकडच्या एका पाड्यावरून नवरा-बायको आले होते. दिवाळीनंतर इकडचे लोक वीटभट्ट्यांवर, भिवंडी-वसईकडे जातात, तसे हेही दरसाल जायचे. त्या वर्षी गेले नव्हते. मोगरा लावला होता, पाचशे झाडं. जव्हार-मोखाड्याचा मोगरा दादरच्या फुलबाजारात जातो, भाव बरा मिळतो, आणि घर सोडून जावं लागत नाही. मुलं शाळेत राहतात. पण मोगऱ्याला उन्हाळ्यात पाणी हवं. विहीर खाली ओढ्याजवळ, मळा वर. आदल्या हंगामाच्या भट्टीच्या पैशातून शिल्लक ठेवलेली रक्कम त्यांनी रुमालात बांधून आणली होती. पेट्रोलवर चालणारा पंप एका नातेवाइकाकडून मिळाला होता. त्यांना हवा होता "एक इंची काळा पाइप, चारशे फूट." तेवढेच पैसे होते.

आम्ही विचारलं, विहिरीपासून मळा किती उंच? दादा म्हणाले, असेल पंधरा-वीस फूट. ताई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "पंधरा-वीस फूट नाय. डोक्यावर हंडा घेऊन मी दोनदा टेकते त्या चढावर." आम्ही त्यांच्या बाजूने होतो. ज्याच्या डोक्यावरून पाणी गेलं आहे त्याचं माप खरं.

उंची मोजायचा एक सोपा मार्ग त्यांना सांगितला, तो वाचकांनाही उपयोगी पडेल. अर्धी भरलेली पारदर्शक बाटली आडवी धरून डोळ्यांसमोर आणायची. पाण्याची रेघ सरळ समोरच्या चढावर जिथे भिडते ती जागा डोळ्यांत ठेवायची, तिथे जाऊन उभं राहायचं आणि पुन्हा तसंच बघायचं. प्रत्येक वेळी आपण आपल्या डोळ्यांइतकं उंच चढतो, म्हणजे साधारण दीड मीटर. अंतर दोरीने मोजायचं. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल-नळी मिळाली तर आणखी अचूक. चार दिवसांनी ते परत आले. ताईंनी मोजलं होतं: तेरा वेळा. म्हणजे साडेएकोणीस, धरा वीस मीटर. पासष्ट फूट!

आता हिशोब ऐका, कारण लोक इथेच फसतात. पंपाच्या पत्र्यावर ३५ मीटर हेड लिहिलं होतं. दादांना वाटलं, वीस मीटर चढायचं, पंप पस्तीसचा, झालं की. पण तो आकडा पाणी अजिबात बाहेर पडत नसतानाचा असतो. जितकं जास्त पाणी हवं तितकं हेड कमी मिळतं. शिवाय पाइपाच्या आतून घासत जाताना पाण्याचा जोर खर्च होतो, तोही उंचीतच मोजतात. सेकंदाला एक लिटर पाणी १२० मीटर लांब, आतून २६ मिलिमीटरच्या पाइपातून न्यायचं तर जवळजवळ वीस मीटर उंचीइतका जोर नुसता घासण्यात जातो. म्हणजे वीसच्या जागी चाळीस मीटर झाले. तो पंप तेवढं देऊच शकत नव्हता. पाणी आलं असतं, नाही असं नाही, पण खूप कमी. तेच पाणी ४० मिलिमीटरच्या, म्हणजे आतून ३४ भरणाऱ्या सव्वा इंची पाइपातून नेलं तर घासण्यात साडेपाच मीटरच्या आत जातात. ५० मिलिमीटरच्या पाइपात अवघे दोन. आठ मिलिमीटरच्या फरकाने वीसचे साडेपाच होतात, हे कागदावर लिहून दाखवल्याशिवाय कुणाला पटत नाही. आम्हालाही अब्बांनी कागदावरच शिकवलं होतं. अल्लाह त्यांना मगफिरत देवो.

पाचशे झाडांना दिवसाआड पाच-पाच लिटर धरलं तर अडीच हजार लिटर. सेकंदाला एक लिटरने पाऊण तासाचं काम. पाव लिटर आलं असतं तर तीन तास पंप चालला असता, आणि मोगऱ्याचे पैसे पेट्रोलमध्ये गेले असते.

सव्वा इंची पाइप महाग पडत होता. रुमालातले पैसे पुरेनात. मग अंतराकडे बघितलं. त्यांनी पाइप पायवाटेने आखला होता, वळणं घेत. पाण्याला पायवाट लागत नाही. ताई म्हणाल्या, काजूच्या झाडांमधून सरळ वर गेलं तर कमी भरेल. पुन्हा दोरी, पुन्हा मोजमाप. १२० चे ९० मीटर झाले. घासण्याचे चार मीटर, चढाचे वीस, मिळून चोवीस. पंपाला जमण्यासारखं. तरीही थोडे पैसे कमीच पडत होते. भाभींनी वहीत त्यांचं पान काढलं आणि फुलं निघाल्यावर द्या म्हणून सांगितलं. व्यापारात आम्ही रोख बघतोच, धर्मादाय उघडलेला नाही. पण तोंडाने मागितलेला माल देऊन पैसे मोजून घेतले असते तर तोल बरोबर भरला असता आणि सौदा चुकीचा झाला असता. माप-तोल पुरा करण्याची जी ताकीद आपल्याला आहे, ती फक्त तराजूच्या काट्यापुरती असेल असं आम्हाला वाटत नाही.

मोगरा आला. पहिला हप्ता एप्रिलमध्ये मिळाला, उरलेला जूनच्या आधी. ते कुटुंब त्यानंतर भट्टीवर गेलेलं नाही. सगळं पाइपामुळे झालं असं नाही, राबले ते. पण पंप त्यांना पंपासारखा उपयोगी पडला, एवढं खरं.

सगळे असे ऐकत नाहीत. एक जण बाहेरून स्वस्तातला पातळ पाइप घेऊन आला आणि आमच्याकडे फक्त जोड मागायला आला. पाइपावर दाबाचा आकडा छापलेला असतो, तो त्यावर नव्हताच. दहा मीटर उंचीला एक किलो दाब असा साधा हिशोब आहे. तीस मीटर चढवायचं तर खालच्या टोकाला तीन किलो, आणि पंप एकदम बंद झाला की उलट येणाऱ्या पाण्याचा दणका त्याहून जास्त. सहा किलोचा पाइप घ्या म्हणालो. त्याने जोड घेतले आणि गेला. पुढे काय झालं ते आम्ही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

पंपाच्या दुसऱ्या बाजूचं, म्हणजे विहिरीतून ओढणाऱ्या नळीचं शास्त्र निराळं आहे. ढकलायला पंप कितीही उंच ढकलेल, ओढायला मात्र सात मीटरच्या पुढे जात नाही. कंपनी कोणतीही असो. पंप पाणी ओढत नसतो, हवेचा दाब पाणी वर ढकलतो, आणि आमच्या डोंगरावर तो दाब खालच्यापेक्षा अंमळ कमीच. मे महिन्यात विहीर खाली गेली की पंप बिघडला म्हणून लोक येतात. पंप ठणठणीत असतो, फक्त त्याला खाली उतरवायला हवं असतं. आणि ओढणारी नळी पंपाच्या तोंडापेक्षा बारीक कधीच नको. त्यासाठी कडक कडीची हिरवी सक्शन नळीच हवी. लपेटा पाइप किंवा बागेची मऊ नळी लावली की ती चपटी होते आणि पंप नुसता ओरडतो.

नळी आणि क्लिप यांचा खरा उस्ताद आमच्या घरात एकच, खालाजानचा मुलगा. तो डहाणूला मच्छीमार बोटींच्या इंजिनांची कामं करतो. ईदला येतो तेव्हा दुकानात बसून आमचा माल तपासतो, आणि नाक मुरडतो. बोटीचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं. त्यासाठी बोटीच्या तळाला भोक, त्यावर वॉल, वॉलवर निपल आणि निपलवर नळी. तो म्हणतो, "तुमच्या डोंगरावर नळी सुटली तर पाणी वाया जातं. माझ्याकडे नळी सुटली तर समुद्र आत येतो." पाण्याखाली फूटभर असलेलं एक इंची भोक मिनिटाला चाळीस लिटरांच्या वर पाणी आत घेतं, म्हणजे जवळजवळ तीन बादल्या. रात्री खलाशी झोपलेले असताना हे झालं तर?

म्हणून त्याचे नियम कडक आहेत, आणि ते आम्ही दुकानात जसेच्या तसे घेतले आहेत. नळी निपलवर सहज सरकली तर ती मोठी आहे. क्लिप कितीही आवळा, तिला सुरकुती पडणार आणि त्या सुरकुतीतून पाणी येणार. जरा जोर लावावा लागला पाहिजे. अगदीच चढत नसेल तर टोक गरम पाण्यात धरायचं. ते मऊ होतं, चढतं, आणि गार झालं की धरून बसतं. तेल लावायचं नाही, कारण ज्या तेलाने ती चढली त्याच तेलाने उतरेल. पाण्याखालच्या जोडाला निपल पुरेसं लांब असेल तर दोन क्लिपा, आणि त्याही स्टेनलेसच्या, स्क्रूसकट. पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा अशा क्लिपा बाजारात भरपूर येतात. चुंबक लावून बघा, बहुतेक वेळा कळतं. आणि मधे कुठेही माप बारीक करायचं नाही. दीड इंची नळी, दीड इंची वॉल आणि मधे एकच एक इंची निपल असेल, तर त्या निपलच्या पुढे मोठ्या नळीचे पैसे बरेचसे वाया.

बारीक जागेची हीच गोष्ट वस्तीतल्या मस्जिदीच्या वुजूखान्यात होती. दहा नळ एका ओळीत, आणि त्यांना पाणी देणारी लाइन अर्धा इंची. जुम्म्याला पहिल्या तीन नळांना धो धो पाणी, शेवटच्या तिघांना थेंब. लोक पहिल्या नळांवर गर्दी करायचे, खुतबा सुरू व्हायचा आणि मागे रांग. काम कुणी केलं होतं ते कुणाला आठवत नाही. वरची टाकी मोठी करा, असा सल्ला सगळ्यांचा. टाकी मोठी केल्याने पाणी साठतं, धावत नाही. आम्ही ओळीची लाइन सव्वा इंची घातली आणि प्रत्येक नळाला शेवटचा वीतभर तुकडा तेवढा अर्धा इंची. दहाही नळ सारखे चालू लागले.

आणि मग नवीनच अडचण उभी राहिली. दहाही नळ जोरात चालायला लागल्यावर टाकी असरपर्यंत रिकामी. भावाने बादली लावून मोजलं: एक नळ मिनिटाला आठ लिटर. वुजूला दोन मिनिटं धरली तर सोळा लिटर, साठ नमाजी म्हणजे एका वेळी हजाराच्या घरात. रसूलुल्लाह (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत असत, हे आपण सगळे वाचतो. मुद्दच्या हिशोबात उलेमांचे मतभेद आहेत, पण तो पाऊण ते एक लिटरच्या आतबाहेरच येतो. त्याच्या पंधरा-वीस पट पाणी आम्ही गटारात सोडत होतो, आणि तेही अशा तालुक्यात जिथे शेजारच्या पाड्यावर टँकर येतो.

इथे माप लहान करायला हवं होतं. लाइन मोठीच ठेवली, तिला हात लावला नाही. नळांच्या तोंडांना मात्र बारीक भोकांची जाळी बसवली, मिनिटाला तीन लिटरची. एका वुजूला सहा लिटर, साठ जणांचे साडेतीनशेच्या आसपास. खर्च अगदी किरकोळ आला. गेल्या उन्हाळ्यात टाकी इशापर्यंत पुरली. मुतवल्ली साहेब खूश आहेत. एका बुजुर्गांची तक्रार मात्र अजून चालू आहे. या धारेने पाय धुतल्यासारखंच वाटत नाही, असं ते दर जुम्म्याला सांगतात. त्यांना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, हेही खरं. त्यांच्यासाठी कोपऱ्यातल्या एका नळाची जाळी आम्ही काढून ठेवली आहे.